परभाषेंतील लेखनिक



आमच्या हिंगोली भागांत निजामी अमलाखालीं कचेरीची भाषा उर्दू होती आणि रयतेच्या तोंडीं मराठी. दाद मागावयाची म्हणजे अर्जनवीस गांठणें प्राप्त होतें. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा आणि अंगठा उठविणारा पुन्हां पहिलाच! मजकूर चुकला तर परिणाम भोगावयाचे ते अंगठा उठविणाऱ्यानें. १९४८ मध्यें ती राजवट संपली. परंतु तो जुना प्रश्न एका नव्या लेखनिकामुळें आज पुन्हां उभा राहिला आहे.

हा लेखनिक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचें लेखनयंत्र. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरांत लोकांपुढें आलें, आणि अशा यंत्रांचा संचार आतां घरोघरीं झाला आहे. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन, ॲमस्टेलव्हेन अशा नगरांत नोकरीनिमित्त गेलेलीं मराठी कुटुंबें आहेत. समजा, त्यांपैकीं एखाद्या गृहस्थास डच शेजाऱ्यांसाठीं गणेशोत्सवाचें आमंत्रण समाजमाध्यमावर द्यावयाचें आहे. तो मराठींत सांगतो आणि यंत्र क्षणार्धांत सफाईदार डच लिहून देतें. माणूस फसतो तो ह्या सफाईलाच.

कारण, यंत्र संभवनीय शब्दामागून शब्द जुळवितें. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी तें घेत नाहीं. शिवाय डच भाषकांची संख्या सुमारें अडीच कोटी, तर २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी भाषक आठ कोटींहून अधिक. तरीही महाजालावर डच मजकूर मराठीपेक्षां कितीतरी जास्त आहे. म्हणून यंत्राचें डच पक्कें आणि मराठी कच्चें असण्याचाच संभव फार. 'आपण सर्वांनीं यावें' यांतील 'आपण' म्हणजे 'तुम्ही', कीं 'तुम्ही-आम्ही मिळून', हें त्यानें ओळखावें कसें? डच भाषेंतही सलगीचें संबोधन निराळें आणि आदराचें निराळें. मजकूर इंग्रजींतून दिला तर तो भेद इंग्रजीच्या एकाच संबोधनांत बुडून जातो.

यास्तव वाचणारा कोण, नातें कोणतें, हें यंत्रास प्रथम सांगावें. वाक्यें लहान असावीं. आरती, प्रसाद हे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ एका ओळींत द्यावा. तयार झालेला डच मजकूर दुसऱ्या एखाद्या यंत्राकडून मराठींत करवून घ्यावा. दिवस, वेळ आणि पत्ता मात्र स्वतःच ताडून पाहावा. आणि जवळ कोणी डच जाणणारा असेल तर त्याची नजर सर्वांत मोलाची.

परभाषा आपलीशी करण्याचा थोर दाखला आमच्याच जिल्ह्यांत आहे. नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत, आणि तीं मराठींत नसून उत्तरेकडील बोलींत आहेत. पंजाबांत त्यांचें दीर्घ वास्तव्य झालें असें परंपरा सांगते. असा सहवास यंत्र देऊं शकत नाहीं. भाषा अंगवळणी पडेपर्यंत हातभार मात्र लावील.

आमंत्रण वाचून शेजारी दाराशीं येईल तेव्हां बोलावें लागेल तें आपणांसच. लेखनिक कोणताही असो, सही आपली असते. जें स्वतःस उमगलें नाहीं त्याखालीं ती करूं नये, एवढेंच माझें सांगणें.