वण वाढला, त्यात तिची काय चूक?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्या मैत्रिणींपुढे केलेले भाषण)



भाजलेल्या बाईचा जबाब कसा नोंदवायचा, ४९८-अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) कसे लावायचे, हे आपण शिकलो. ती जगली तर पुढे काय, हे मात्र बैठकीत फारसे निघत नाही. जखम भरली, दवाखान्याने घरी सोडले की आपली फाईल बंद. मीही वर्षानुवर्षे तेच करत आले.

तिचे हाल तिथून सुरू होतात. महिना-दोन महिन्यांत वण लाल होतो, फुगतो, रात्रभर खाजतो. मान, कोपर, बोटे आखडतात. घरचे म्हणतात, सुकट खाल्लीस, वांगे खाल्लेस, म्हणून वाढले. म्हणजे भाजली ती तिची चूक, आणि वण वाढला तीही तिचीच!

जखम भरताना कातडीतल्या पेशी कोलॅजनचे धागे विणतात. जखम बुजली की विणकाम थांबायला हवे. ते थांबवते कोण? आपल्या पेशींतल्या आनुवंशिक मजकुरापैकी जेमतेम २ टक्क्यांपासून प्रथिने बनतात. उरलेल्यातला बराचसा शास्त्रज्ञ कचराच समजत. (बाईच्या घरकामासारखे, हिशेबातच नाही.) पण त्यातूनच आरएनएचे बारीक तुकडे निघतात. ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत, कोणते प्रथिन किती बनावे यावर लगाम ठेवतात. असा पहिला तुकडा १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ॲम्ब्रोस आणि रुव्हकन यांना त्यासाठी २०२४ चे नोबेल मिळाले. केलॉइड, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणारा वण, त्यात कोलॅजनला आवरणारा मायक्रो-आरएनए २९ कमी आढळतो, वाढ चेतवणारा २१ जास्त. सुकटीचा यात काय हात? उलट भाजलेल्या शरीराला डाळ, अंडी, मासे जास्तच लागतात.

या तुकड्याची नक्कल टोचून पाहण्याच्या चाचण्या झाल्या, दुकानात औषध आलेले नाही. आज हाती आहे ते साधे: जखम तीन आठवड्यांत भरेल अशी धडपड, गरज पडल्यास लवकर कातडीरोपण, मग दाबाचे घट्ट कपडे, सिलिकॉनची पट्टी, व्यायाम, वणात स्टेरॉइडचे इंजेक्शन.

साधे, पण कुणासाठी? कर्जतहून लोकलने ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर. खोपोलीवाल्यांना आणखी लांब. प्रत्येक फेरीला तिची आणि सोबतिणीची मजुरी बुडते. कातकरी बाई दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. दिवसाचे तेवीस तास घालायचा तो घट्ट कपडा तिने भट्टीच्या धगीत कसा घालायचा?

दाखल्याचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ॲसिड हल्ल्यातली व्यक्ती आहे, रॉकेलने जळालेली नाही. तिचे आखडलेले सांधे मोजून ४० टक्के अपंगत्व भरले, तरच सवलती.

म्हणून आपल्या नोंदवहीत एक पान वाढवू या. घरी आल्यावर दर पंधरा दिवसांनी पाहायचे: वण फुगतोय का, मान वळते का, मूठ मिटते का, झोप लागते का. पुढच्या बैठकीला येताना ते पान भरून आणा.