वीज मोजून, हवा मोकळी



आज आम्ही बोलतोय ते इंग्लंडमधल्या एका कालव्यावरून. आम्ही दोघं नवरा-बायको इथे बोटीत राहतो. सुट्टीपुरते नव्हे, बारा महिने. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी कोळसा आणि माल वाहायला इथे कालवे खोदले. त्या काळच्या मालवाहू बोटींच्या घडणीच्या बोटींत आज हजारो लोक संसार करतात. आमची बोट रुंदीला जेमतेम ७ फूट आणि लांबीला ५७ फूट. आगगाडीच्या डब्यापेक्षाही अरुंद घर म्हणा ना!

आमच्यासारख्या फिरत्या बोटींना एका जागी सहसा १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. काठावर विजेचा खांबही नसतो. म्हणून वीज आपणच तयार करायची, आपणच साठवायची. छतावर सोलरच्या पाट्या आहेत, बोटीचं इंजिन आहे आणि खाली ३ बॅटऱ्या. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरला असते ना, तसल्याच शिशाच्या.

बॅटरी म्हणजे कणगी. जेवढं भरलं तेवढंच काढता येतं. पण या कणगीचा एक नियम आहे. अर्ध्याच्या खाली तिला हात लावायचा नाही. शिशाची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली, किंवा अर्धवट भरून तशीच ठेवली, की आतल्या पत्र्यांवर खडे धरतात आणि ती लवकर मरते. आमच्या बॅटऱ्या मिळून ३३० अँपिअर-तासांच्या. म्हणजे वापरायला १६५.

मग आम्ही मापट्याने ज्वारी मोजावी तशी वीज मोजायला शिकलो. छोटा फ्रीज दिवसाला साधारण ४० घेतो. संध्याकाळचे दिवे ६, कारण सगळे बल्ब ३ वॉटचे. पाण्याचा पंप, दोन मोबाईल आणि थोडं संगणकाचं काम धरून आणखी १५. झाले ६१. म्हणजे अडीच दिवसांची बेगमी. आणि विजेवरची चहाची किटली? २००० वॉटची किटली ५ मिनिटं लावली तर १४ जातात. दिवसभराच्या दिव्यांच्या दुप्पट वीज एका चहात! ती किटली आम्ही देऊन टाकली. जी वस्तू विजेवर उष्णता करते, ती कणगी उपसते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धा हिशोब जमतो.

उन्हाळ्यात सोलरवर सगळं भागतं. पण डिसेंबरात इथे दिवस आठ तासांचाही नसतो आणि त्यातही ढग. तेव्हा रोज दोन-तीन तास इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्या लागतात. विजेवर खोली गरम करणं तर सोडाच. ऊब मिळते ती फक्त लोखंडी शेगडीची, लाकडाची आणि कोळशाची.

आणि इथेच आमचं चुकलं.

पहिल्याच हिवाळ्यातली रात्र. बाहेर बर्फाळ वारा. आमच्या छतात हवेचे झरोके आहेत, दारांना खालच्या अंगाला जाळ्या आहेत. त्यातून गार झोत मानेवर येत होता. आम्ही झरोक्यांत जुन्या साडीचे बोळे कोंबले, खालच्या जाळ्यांवर गोधडी टाकली. शेगडी रात्रभर पुरावी म्हणून तिची हवेची झडप जवळजवळ बंद केली. धुराडं महिनाभर झाडलेलं नव्हतं. संध्याकाळपासून दोघांचंही डोकं दुखत होतं. सर्दी असेल म्हणून बाम चोळला आणि झोपलो.

मध्यरात्री भोंगा ओरडला. आम्हाला वाटलं, त्याचे सेल संपले असतील. एकाने उठून तो बंद करायला हात वर केला आणि पाय लटपटले. तेव्हा कळलं. दार ढकललं, दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी काठावर येऊन बसलो. थंडीने दात वाजत होते, पण डोकं हळूहळू उतरत गेलं. तो भोंगा नसता, तर हे बोलायला आम्ही नसतो.

अपुऱ्या हवेत काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट तो रक्ताला चिकटतो. ओळख अशी: डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकदमच होतं. आणि बाहेर गेलं की बरं वाटतं. असं झालं तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, झोपलेल्यांनाही आणायचं, आणि डॉक्टरांकडे जायचं. बाम नंतर.

झरोके वर आणि खाली दोन्हीकडे का, तेही तेव्हा समजून घेतलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साठतो. बॅटरी भरताना निघणारा हायड्रोजन हलका, तो वर जातो. आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीभर मिसळतो. शिवाय १ किलो गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं. ती वाफ गार पत्र्यावर बसते, गादीखाली बुरशी धरते. म्हणून आता भातावर झाकण, स्वयंपाक झाला की खिडकी उघडी, आणि गादीखाली लाकडी फळ्यांमध्ये फट. धुराडं ठरल्या दिवशी झाडतो. भोंग्याचं बटण दर आठवड्याला दाबून बघतो.

मैत्रिणींनो, तुम्ही बोटीत राहत नाही. पण बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि दार-खिडकी घट्ट लावलेली, हे आपल्याकडे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. थंडीत घमेल्यात निखारे घेऊन झोपणंही पाहिलंय. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक नसतो. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्या, आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात काढा. इन्व्हर्टरची बॅटरीही झोपायच्या बंद खोलीत ठेवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: तुमच्या झोपायच्या खोलीत रात्री हवा कुठून येते? जिला उत्तर देता येणार नाही, तिच्या घरी सगळ्यांनी मिळून जा आणि बघा. झरोका बुजवलेला असेल तर बोळा काढून टाका. थंडी वाजली तर आणखी एक गोधडी घ्या. वीज जपून वापरा, पण हवेत काटकसर करू नका.