चुकीचा सल्ला आणि आपले मौन
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सयाजीराव महाराजांच्या काळात आपल्या पणजोबांनी बडोद्यात बिऱ्हाड थाटले ते नोकरीच्या भरवशावर. जमीनजुमला आपल्यापैकी थोड्यांकडेच. आपली इस्टेट म्हणजे पगार, आणि पगारानंतर पेन्शन. म्हणून आज बोलायचे आहे ते चुकीच्या सल्ल्यापायी गमावलेल्या पेन्शनबद्दल आणि त्याची भरपाई मागण्याबद्दल. उदाहरण विलायतेतले आहे. पण आपल्यापैकी काहींची मुले तिकडे नोकरीला आहेत, आणि कारखान्याचे मालक तर मुंबईचेच.

टाटा स्टीलने २००७ साली कोरस ही पोलाद कंपनी घेतली. तिच्याबरोबर ब्रिटिश स्टीलची जुनी पेन्शन योजना आली. पगार आणि नोकरीची वर्षे यांवर ठरणारी, आयुष्यभर मिणारी, मागे राहिलेल्या जोडीदारालाही आधार देणारी अशी ती योजना. हा भार कंपनीला झेपेना, म्हणून २०१७ साली ती कंपनीपासून वेगळी काढली. कामगारांना सांगण्यात आले, वर्षअखेरीच्या आत ठरवा: नव्या योजनेत जा, नाहीतर कायद्याने उभारलेल्या संरक्षण निधीत राहा. तिसरी वाटही होती. हक्काची पेन्शन सोडायची आणि तिच्या बदल्यात मिळणारी एकरकमी रक्कम खासगी पेन्शन खात्यात हलवायची.

रक्कम तीस हजार पौंडांवर असेल तर आधी अधिकृत सल्लागाराचा सल्ला घेणे कायद्याने सक्तीचे होते. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट गावात सल्लागारांची रीघ लागली. यांतल्या अनेकांची फी पैसे हलवले तरच मिळणार होती. मग 'हलवू नका' असे कोण सांगणार? सुमारे ७,८०० जण बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर सुमारे २८० कोटी पौंड. पुढे नियामक संस्थेने नमुन्यादाखल प्रकरणे तपासली, तेव्हा ४७ टक्के प्रकरणांत सल्ला अयोग्य ठरला. म्हणजे जवळजवळ निम्मा!

नियामक संस्था झोपली होती, हे संसदीय समित्यांनी तिला सुनावले. पण समित्यांपर्यंत विषय पोहोचला तो कामगारांनी आणि त्यांच्या खासदारांनी लावून धरला म्हणून. निकालावर बांधलेली फी ऑक्टोबर २०२० पासून बंद झाली. फेब्रुवारी २०२३ पासून खास भरपाई योजना सुरू झाली आणि सल्लागार संस्थांना आपलाच जुना सल्ला तपासणे भाग पडले. मात्र तोवर पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. व्याजदर वाढल्यामुळे हिशेबात नुकसान कमी दिसू लागले आणि कित्येकांच्या हाती थोडेच आले, काहींच्या हाती काहीच नाही. उशीर हा असा महागात पडतो.

आता मनातले बोलतो. तिथले अनेक कामगार आधी गप्पच राहिले. आपण मूर्ख ठरलो, ही लाज. ती लाज आम्हाला ओळखीची आहे. आमच्या घरात थोरल्या भावाच्या निवृत्तीचे पैसे बँकेतल्या एका अधिकाऱ्याने 'एफडीसारखेच आहे' म्हणून विमा पॉलिसीत घातले. दुसऱ्या वर्षी हप्त्याची नोटीस आली तेव्हा उलगडा झाला. आम्ही शिकलेली माणसे, चार लोकांत कसे सांगायचे? तीन वर्षे तोंड उघडले नाही. ग्राहक न्यायालयाची दोन वर्षांची मुदत तेवढ्यात निघून गेली. पैसे अधिकाऱ्याच्या बोलण्याने अडकले खरे, पण ते परत मिळवण्याची संधी आमच्या मौनाने घालवली.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. सल्ला कोणी दिला, कोणत्या तारखेला, काय सांगून दिला, हे आठवते आहे तोवर लिहून ठेवा. दुसरी, पायऱ्या ओळखा. आपल्याकडे विमा पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. ती वेळ टळली तर आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. विलायतेतल्या मुलांनाही कळवा: आधी सल्लागार संस्थेकडे लेखी तक्रार, तिला आठ आठवड्यांची मुदत, मग तिथला आर्थिक लोकपाल. तोही विनामूल्य. संस्थाच बुडाली असेल तर वेगळा भरपाई निधी आहे. भरपाईतला वाटा मागणाऱ्या मध्यस्थांची गरज नाही.

तिसरी गोष्ट मंडळाची. एकट्याची तक्रार फायलीत पडून राहते, पन्नास जणांची आमदार-खासदारांच्या टेबलावर जाते. मते मागायला आपल्या वाड्यांत, सोसायट्यांत येणाऱ्यांना विचारा: निवृत्तांचे पैसे कमिशनवर विकणाऱ्यांचे तुम्ही काय करणार?

चूक सल्ला देणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नव्हे. तेव्हा ज्यांच्या घरी असे काही घडले असेल, त्यांनी आज चहाच्या वेळी आमच्याशी बोलावे. आमची गोष्ट आम्ही आधी सांगितली आहेच.