‘अंगात रक्त नाही’ एवढ्यावर थांबू नका

भोर-वेल्ह्याकडे ज्यांचं गाव आहे त्यांना ‘तिच्या अंगात रक्तच नाही’ हे वाक्य नवं नाही. डोळे पांढुरके दिसतात, चढण चढताना धाप लागते, मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पुष्कळदा ते बरोबरच असतं. पण दुखणं सिकलसेलचं असेल, तर हेच वाक्य त्याच्यावर पांघरूण घालतं. या आजाराचा भार महाराष्ट्रात मुख्यतः विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात आहे. तरी लग्नाने आणि नोकरीने माणसं कुठून कुठे जातात. म्हणून माझं म्हणणं असं, की जोडीदाराला रक्ताचा जन्मभराचा आजार निघाला तर त्याचं नेमकं नाव आणि त्याची चाल नवऱ्याने किंवा बायकोने स्वतः समजून घेतली पाहिजे. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेलमधली १० ते २० दिवस. प्राणवायू सोडला की ती विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. रक्त कमी पडतं ते पेशी लवकर मोडतात म्हणून. तिथे नुसतं लोह देऊन काय होणार? आता भातलावणी डोळ्यांपुढे आणा. पाठीवर इरलं, पाय गार चिखलात, सकाळपासून पाण्याचा घोट नाही. गारठा, अतिश्रम आणि पाणी कमी पडणं, या तिन्हींनी हाडं फोडणारी कळ उठू शकते. आजार ठाऊक नसलेलं घर बांधावर बसलेल्या त्या बाईला कामचुकार म्हणतं.

कोणी म्हणेल, हे डॉक्टरांचं काम. निदान आणि औषध त्यांचंच. पण रात्री ताप चढतो तेव्हा उशाशी जोडीदार असतो. या आजारात पांथरी बहुधा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे अंगावर काढण्यासारखा ताप नसतोच, लगेच दवाखाना गाठावा लागतो. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवलं. मात्र ते बरं वाटत असतानाही रोज घ्यायचं असतं, अधूनमधून रक्त तपासायचं असतं आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं असतं.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: नाव कळलं की सासरी सुनेलाच बोल लागेल. ही भीती खरी आहे, आणि तिला उत्तर आनुवंशिकतेच्या साध्या हिशेबातच आहे. नवऱ्याच्या रक्तात सिकलसेलचा किंवा थॅलेसेमियाचा अंश नसेल, तर आजारी आईची मुलंही वाहकच होतात, रुग्ण होत नाहीत. तो सिकलसेलचा वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता रुग्ण मुलाची. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून चेहरा पाहून हे कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवली गेली, ती यासाठीच. बायकोचा अहवाल घेऊन घरी आलेल्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याच प्रयोगशाळेत स्वतःचं रक्त द्यायला जावं.