शस्त्रक्रियेनंतरचा श्वास

(अणदूर, ता. तुळजापूर येथे आशा कार्यकर्त्या, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



अणदूरला येऊन आरोग्यावर बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले आणि बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. गावची बाई गावाला आरोग्य शिकवू शकते, हे तुम्हांला निराळे सांगावयास नको. आजचा माझा विषय अशाच हातांत देण्याजोगा आहे.

मोठी शस्त्रक्रिया ही पूर्वी आपल्याकडे जमीन विकावयास लावणारी गोष्ट होती. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला शेजारी सोलापूर होता. पुढल्याच वर्षी ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. साहजिकच पोटाची, हृदयाची शस्त्रक्रिया करून घरी परतलेली माणसे आता गावोगाव दिसतात. टाके सुकले की नाही, हे भेटावयास येणारा प्रत्येक जण विचारतो. फुप्फुसे पुरती उघडली की नाहीत, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश आहेत. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. तेवढ्याने सगळे कोश फुलत नाहीत. म्हणून निसर्गाने सोय केली आहे. दर काही मिनिटांनी आपण नकळत एक दीर्घ उसासा टाकतो आणि मिटू लागलेले कोश पुन्हा उघडतात. संपूर्ण भूल दिली की बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसांचा खालचा थोडा भाग काही मिनिटांतच मिटतो. पुढे पोटाच्या वरच्या भागावर छेद असेल, तर श्वासपटल नीट हलत नाही. दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, उसासा टाळतो, खोकला दाबून धरतो. मिटलेल्या भागात कफ साचतो, त्यात जंतू वाढतात आणि यशस्वी शस्त्रक्रियेनंतर रुग्ण न्यूमोनियाने अत्यवस्थ होतो. विल्यम पाश्चर या लंडनच्या वैद्यांनी १९०८ साली फुप्फुस असे मिटण्यावर सविस्तर व्याख्यान दिले होते. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. आपल्या ओसरीपर्यंत ते अद्याप पोहोचलेले नाही, एवढेच.

ओसरीवर चालते ते नेमके उलट. ‘हलू नको, टाके तुटतील’, ‘खोकू नको’, असे मायेने सांगितले जाते. रुग्ण दिवसभर बाजेवर उताणा पडून राहतो आणि शेजारी चुलीचा धूर असतो. मायेच्या माणसांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना कोणी समजावूनच सांगितलेले नसते.

करावयाचे ते असे. रुग्णाने पाठीला आधार घेऊन ताठ बसावे. एक हात पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश इतका श्वास घ्यावा की पोटावरचा हात वर उचलला जाईल. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत तो धरावा आणि हळूहळू सोडावा. (येथील खंडोबाच्या यात्रेत ‘येळकोट’ची आरोळी ठोकणारा भक्त श्वास पोटातूनच घेतो, छातीच्या वरवरच्या श्वासावर ती आरोळी निघावयाची नाही.) असे पाच ते दहा श्वास, जागेपणी दर तासाला. चक्कर आल्यास थांबावे. त्यानंतर उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावी, आरशावर वाफ सोडतो तसा तोंडाने दोन-तीनदा जोराचा हुंकार द्यावा आणि खोकून कफ बाहेर काढावा. आधार दिलेले टाके खोकल्याने सहसा तुटत नाहीत. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती वेळेवर घ्यावी. दुखणे सोसत राहणारा माणूस खोल श्वास घेऊच शकत नाही. डॉक्टरांनी अनुमती देताच अंगणात शतपावली सुरू करावी. डोळ्याच्या वा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र जोराने खोकण्यास मनाई असते. तेथे डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

औषधाच्या दुकानात तीन चेंडूंचे एक यंत्र मिळते. पुष्कळ जण त्यात फुंकतात. ते फुंकण्याचे नव्हे, हवा आत ओढण्याचे यंत्र आहे. ते नसले तरी काही अडत नाही. नुसत्या दीर्घ श्वसनापेक्षा त्याचा निश्चित अधिक लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही.

प्राणायामाविषयी प्रश्न येणारच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून श्वसनाचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु ताज्या टाक्यांवर कपालभाती किंवा भस्त्रिका करू नये. त्यांतील जोराच्या झटक्यांनी पोटावर ताण येतो.

आता मुख्य मुद्दा. हे सारे शिकवावयाचे केव्हा? शुद्धीवर येणाऱ्या, कण्हणाऱ्या माणसाला नव्हे, शस्त्रक्रियेच्या आधी. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ४४१ रुग्णांवरील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी निम्म्या रुग्णांना भौतिकोपचार तज्ज्ञाने केवळ अर्धा तास समजावून श्वसन शिकवले. उरलेल्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली. पुस्तिकावाल्यांपैकी २७ टक्क्यांना फुप्फुसांचे उपद्रव झाले, शिकवलेल्यांपैकी १२ टक्क्यांना. छापील कागद वाटून आपले काम झाले असे मानणाऱ्या आम्हां शासकीय मंडळींनी हे आकडे विशेष ध्यानात घ्यावेत.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. गावात कोणाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की आशाताईंनी त्याच आठवड्यात त्या घरी अर्धा तास बसावे आणि रुग्णाकडून, तसेच जो सोबत जाणार त्याच्याकडूनही, श्वास व खोकला प्रत्यक्ष करवून घ्यावा. बिडी त्याच दिवशी बंद करण्यास सांगावे; महिनाभर आधी सुटली तर फारच उत्तम. तारीख कळण्याची व्यवस्था ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने करावी. शिक्षकांनी श्वसनसंस्थेचा पाठ घेताना हा व्यायाम वर्गात करवून घ्यावा. घरी परतलेल्या आजोबांना दर तासाला उठवून बसवण्याचे काम पाचवीतले मूल मोठ्या माणसापेक्षा चोख करते. त्याला अधिकार गाजवावयास मिळतो ना! आणि ताप चढला, धाप लागली, छातीत दुखले, कफ पिवळाहिरवा वा रक्ताळलेला आला किंवा एका पायाची पोटरी सुजली, तर व्यायाम करीत बसू नये. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी.

आता भगिनींपैकी दोघी पुढे या. उशी येथे ठेवली आहे. प्रथम बसण्यापासून सुरुवात करू.