कारकून नव्हे, प्राध्यापकही नव्हे



जर्मन विद्यापीठ म्हटले की १८१० साली बर्लिनमध्ये हुम्बोल्टच्या प्रेरणेने उभे राहिलेले विद्यापीठ आठवते. आत संशोधनात गढलेला प्राध्यापक, बाहेर कागद सांभाळणारा कारकून. या दोघांमधली जागा आज कोणी भरली, तेवढेच मला सांगायचे आहे.

संशोधन तिकडे आता मोठ्या प्रमाणात बाहेरून मिळवलेल्या अनुदानावर चालते. २००५ साली तेथील संघसरकार आणि राज्ये यांनी ‘उत्कृष्टता उपक्रम’ ठरवला नि विद्यापीठांत चढाओढ लागली. अर्ज कसा लिहावा, युरोपीय संघाला हिशेब कसा द्यावा, दहा विभागांची मोट कशी बांधावी, हे जाणणारी माणसे हवी झाली. यांतले पुष्कळ जण स्वतः डॉक्टरेट मिळवलेले. प्राध्यापकाची भाषा त्यांना कळते, आणि खजिनदाराचीही. (घरात अशी एक आत्या असली की घर चालते!) त्यांच्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले, संघटना झाल्या. व्यवसाय उभा राहिला.

पण नोकरीचे काय? अनुदानाची मुदत संपली की पुष्कळांचा करारही संपतो. २००७ च्या कायद्याने संशोधकांप्रमाणे अनुदानावरच्या इतर नोकरांनाही मुदतीचे करार देण्याची मुभा दिली होती. २०१६ च्या दुरुस्तीने ती इतरांपुरती काढून घेतली. मग आमचा हा मधला माणूस कोण? संशोधक, की ‘इतर’? पदाच्या नावावरून ते ठरत नाही. तो दिवसभर प्रत्यक्ष काय करतो, हे न्यायालय पाहते. आणि तो दिवसभर दुसऱ्यांच्या संशोधनाचे अर्ज लिहीत असतो.