हरभरा, ज्वारी की मोहरी?



शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हैदराबादच्या काचीगुड्यातल्या घरांत आधी स्वयंपाकघरातले डबे उघडले जातात. मूग, हरभरा, मेथी, जे हाताला लागेल ते कुंडीत पडतं. विषयही ठरलेला : खताचा रोपाच्या वाढीवर होणारा परिणाम. एका कुंडीत खत, दुसरीत नाही. आठवड्याभरानं बघावं तर दोन्ही रोपं सारखीच! मूल हिरमुसतं, पालक खताच्या पुडीवर संशय घेतात.

खताचा यात दोष नसतो. हरभऱ्याचा दाणा म्हणजे बांधून दिलेली शिदोरी; कोंब सुरुवातीचे दिवस तिच्यावरच काढतो, बाहेरच्या अन्नाची त्याला फारशी गरज नसते. शिवाय हरभरा, मूग आणि मेथी ही तिन्ही शेंगवर्गीय. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला मिळवून देतात. म्हणजे युरियाची परीक्षा घ्यायला नेमकी तीच झाडं निवडली जातात, ज्यांना त्याची गरज कमी. इथे मोहरी किंवा राजगिरा घ्यावा : बी बारीक, साठा थोडा, आणि गाठींची सोय नाही. जागा असेल तर ज्वारीही चालेल.

प्रश्न बदलला की झाडही बदलतं. मुळं खाली का जातात हे दाखवायचं असेल तर वाल किंवा मका बरा, कारण मूळ जाड आणि लांबून दिसणारं. एकदल-द्विदल फरकासाठीही हीच जोडी. खिडकीकडे वाकणारा कोंब बघायचा तर मोहरी.

मोठ्यांचंही असंच झालेलं आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्याचे ३४ वाण मागवले, दोन वर्षं पारखले आणि त्यांतले २२ प्रयोगासाठी ठेवले. पुढे त्यानंच हॉकवीड हे रानफूल घेतलं, तेव्हा वाटाण्याचे नियम तिथे जुळेनात. ही वनस्पती बहुधा फलनाशिवायच बी धरते, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. हैदराबादजवळ पटनचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेनंही ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग ही पिकं घेतली ती कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न समोर ठेवून.

ऋतूही विसरून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत हैदराबादच्या रात्री गार होतात. उबेत झटकन उगवणारा मूग तेव्हा रेंगाळतो. मोहरी, मेथी, हरभरा मात्र थंडीत खूश असतात. बी अख्खंच हवं. डाळ उगवत नाही. शेतीच्या दुकानातलं रंग लावलेलं बियाणं मुलांच्या हाती देऊ नये, त्यावर बहुतेक वेळा बुरशीनाशक असतं.

मोजमापाचंही एक पथ्य आहे. अंधार-उजेडाच्या प्रयोगात अंधारातलं रोप उजेडातल्यापेक्षा उंच होतं, पण ते पांढुरकं आणि काडीसारखं बारीक असतं. पट्टी लावून मोजणारं मूल ‘अंधारात वाढ जास्त’ असं लिहून मोकळं होतं. म्हणून दोन्हीकडची दहा-दहा रोपं उपटावीत, माती धुवावी, कागदावर पूर्ण वाळवावीत आणि शाळेच्या तराजूवर दहांचं एकत्र वजन करावं. खताच्या प्रयोगात गॅलरीच्या कठड्याजवळच्या कुंड्यांना ऊन जास्त मिळतं, तेव्हा दर दोन दिवसांनी त्यांच्या जागा बदलाव्यात. प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस असेल तर मोहरी डिसेंबरच्या मध्यालाच पेरलेली बरी. एखादी कुंडी वाया गेली, तरी दुसऱ्यांदा पेरायला वेळ उरतो.